पार्थिवाला रात्र दाखवू नये

“…मग सह्याद्री चालतो, असं शिकवायचं का आता पोरांना?”

गुरवसर माती मळत होते.

श्रावणातला सोमवार होता. कृष्णेकाठच्या लहानशा शिवालयाची ओवरी. सर पाटावर बसलेले, पुढ्यात पितळी परात, परातीत चाळून भिजवलेली माती. शेजारी ओल्या फडक्यात बेल.

विचारणारा समोर मांडी घालून बसला होता. हेरंब साठ्ये त्याचं नाव. विद्यापीठात भूशास्त्राचा विभागप्रमुख, आणि सरांचा पट्टशिष्य. मांडीजवळ त्याने एक लाकडी पेटी ठेवली होती. तिला कुणाला हात लावू देत नव्हता.

सरांचं घराणं या देवळाचं पुजारी, पण सरांचं आयुष्य गेलं खडकांत. जमीन कशी घडली, डोंगर कसे झाले, हे त्यांनी पोरांना शिकवलं. निवृत्त झाले, हातोडा खुंटीला टांगला आणि घरच्या देवाकडे परतले.

श्रावणभर ते रोज मातीची पिंड करत. पार्थिव म्हणतात तिला. आज करायची, आज पुजायची, दिवस मावळायच्या आत नदीत सोडायची. पार्थिवाला रात्र दाखवायची नाही. उद्या नवी पिंड, आणि मातीही नव्या जागेची. ती कुठून आणायची, हे सर आदल्या संध्याकाळी सांगत. तो मान घरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सोमवार धरत. पिंड पाण्यात विरल्यावाचून त्यांचा उपास सुटत नसे.

हेरंबचा राग सह्याद्रीवर नव्हता. राग होता एका मुलीवर.

सरांचा एक सिद्धांत होता. कोकणच्या अंगाला सह्याद्री भिंतीसारखा सरळ उभा का, याचं उत्तर. पश्चिमेचा मुलूख फार पूर्वी एका लांबलचक भेगेवर तुटला, खचला, समुद्राखाली गेला. तुटला तिथे कडा उरला, आणि उरला तिथेच तो आजही उभा आहे. ‘गुरवांची तूट’ म्हणत त्याला. हेरंबने त्यावरच डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे खुर्चीही.

आता त्याचीच विद्यार्थिनी, जव्हारकडची कुसुम भोये, म्हणत होती की कडा मुळात तिथे नव्हताच. तो सुरू झाला समुद्राजवळ. ओढ्यांनी पाया कुरतडला, वरचं कोसळलं, पुन्हा पाया, पुन्हा वरचं. असा मागे मागे हटत तो इथवर आला, आणि अजून हटतोच आहे. नुसतं म्हणत नव्हती, मोजून आणलं होतं तिने. आकाशातून येणाऱ्या किरणांची खूण उघड्या खडकात साठत जाते; ती मोजली की खडक कधीपासून ऊन खातोय ते कळतं. माथ्याचा खडक म्हातारा निघाला. कड्याच्या तोंडाचा कोवळा.

“कोवळा,” हेरंब म्हणाला. “शब्द बघा, सर. भाजी आहे का?”

सरांनी मातीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

“मी रोखलाय तो प्रबंध. उद्या समिती बसतेय. माझा शेरा वाचला की संपलं. तुमच्या नावाला मी धक्का लागू देणार नाही.”

एवढं बोलून तो थांबला. शाबासकीसाठी थांबतात तसा.

सरांचे हात परातीत थांबले.

“रोखलास… म्हणजे?”

मग हेरंबने सांगितलं. शेवटचं प्रकरण काढ, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही, असं तो तिला म्हणाला होता. तिने काढलं नाही. शिष्यवृत्ती संपली होती. ती गावी निघून गेली. घरचे म्हणत होते, पुरे झालं आता, जवळच्या आश्रमशाळेत जागा आहे, ती धर. उद्याचं कळलं की ती रुजू होणार होती.

“जाताना काही बोलली?”

“नाही… पाया पडली.”

परातीतल्या मातीवर सरांच्या बोटांचे ठसे तसेच राहिले. बराच वेळ त्यांनी ते पुसले नाहीत.

“हेरंबा, तिला त्या कड्यावर मी पाठवलं होतं.”

हेरंबला वाटलं, नदीच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं.

“कुणी?”

“मी.”

चार श्रावणांपूर्वी हेरंब आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन सरांच्या दर्शनाला आला होता. तोही सोमवारच. सर पिंडीवर कलशाने पाण्याची धार धरून रुद्र म्हणत होते. सरांचे डोळे मिटलेले. हेरंबचे मिटलेले. पोरांनीही सरांकडे बघून मिटले. एकीने मिटले नाहीत.

पूजा झाल्यावर ती सगळ्यांच्या मागून पुढे आली आणि भीतभीत म्हणाली की धारेने पिंडीची कड मागे सरकली. आधी खालून खाल्ली, मग वरची ढासळली… सह्याद्रीचं असंच झालं नसेल कशावरून?

ते हेरंबलाही आठवत होतं. तेव्हा पोरं हसली होती. तोही हसला होता.

“तुम्ही नाही म्हणालात तिला.”

“म्हणालो. राग आला मला. पूजेत डोळे उघडे ठेवले म्हणून नव्हे… खरं असलं तर, म्हणून. दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून धार धरली.” सर माती पुन्हा मळू लागले. “आठवड्याने तिला कळवलं, जा. कड्याच्या तोंडाचा दगड आण.”

घरच्याच माणसाने देव्हारा उचलून अंगणात ठेवावा, तसं हेरंबला झालं.

“स्वतःच्या हाताने? स्वतःचाच सिद्धांत?”

“दुसऱ्याचा पाडायला निघालो असतो, तर तू विचारलं नसतंस.”

ओवरीच्या टोकाला काकू वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हसल्या.

“सर, सिद्धांत म्हणजे मातीची पिंड आहे का…” हेरंबचा आवाज चढला, “…सकाळी केली, संध्याकाळी सोडून दिली?”

सरांनी मातीचा गोळा तळव्यावर घेतला आणि आकार देऊ लागले. आकार देता देता जुन्या गोष्टी सांगाव्यात तसं बोलू लागले. परशुरामाने बाण सोडला, समुद्र हटला आणि कोकण वर आलं, हे त्यांना आजीने सांगितलेलं. ते सांगताना त्यांनी मातीचे हात जोडले. मग साहेब आले. त्यांच्यातल्या काहींनी कडा पाहिला आणि म्हटलं, या लाटांच्या खुणा, समुद्र एके काळी इथवर येऊन आपटत होता. पण पायथ्याशी समुद्राची नीट खूण मिळेना. मग आपण म्हटलं, तुटला.

जगातही तेच. आधी म्हणाले, एका महापुराने सगळी पृथ्वी घडवली. मग म्हणाले, छे, साधा पाऊस आणि साधी नदी, कणाकणाने. मग म्हणाले, पृथ्वी वाळत्या आवळ्यासारखी आक्रसते, डोंगर म्हणजे तिच्या सुरकुत्या. एकजण म्हणाला, खंडंच सरकतात. त्याला हसले. तो मेला, तरी हसत होते.

“आज हसणाऱ्यांचेच शिष्य ते शिकवतात,” सर म्हणाले. “तूही शिकवतोस.”

“शिकवतो. पण ते चुकले होते, सर.”

“हो. पण प्रत्येकाने मनोभावे केलं.”

पिंड तयार झाली होती. ताम्हनात ठेवून सरांनी पूजा केली. बेल वाहिला, पांढरी फुलं वाहिली. धार धरली तेव्हा त्यांचे डोळे पिंडीवर होते.

हेरंबने सवयीने मिटून घेतले.

आरती झाली. ऊन डोंगराकडे कलायला लागलं. सर ताम्हन घेऊन उठणार, तोच हेरंब म्हणाला, थांबा. तो दुखावला होता. आपल्या भक्तीचा हिशेब कुणीतरी चुकीचा मांडतंय, असं त्याला वाटत होतं.

“तुमच्यासाठी आज एक आणलंय. बघाल तर कळेल, मी तुम्हाला काय मानतो ते.”

त्याने पेटी उघडली. आत लाल रेशमाचं अस्तर. अस्तरात एक पिंड.

मातीची. चकचकीत.

सर बघत राहिले. काकू वातींची थाळी तशीच टाकून जवळ आल्या.

“ही कुणाची?” सरांनी विचारलं. पण त्यांनी हात ओळखला होता. पिंड करताना उजव्या अंगठ्याचा दाब त्यांचा जरा खोल जाई.

हेरंबने सांगितलं. चार वर्षांपूर्वीची, त्याच सोमवारची. विसर्जन मी करून येतो म्हणून त्याने ताम्हन मागून घेतलं होतं. घाटावर गेला. पण सरांच्या हातची पिंड पाण्यात सोडायला त्याचं मन होईना. उपरण्यात गुंडाळून पिशवीत घातली. घरी नेली. वाळवली. तडा जाऊ नये म्हणून वार्निश लावलं, होड्यांना लावतात ते, उत्तमातलं. चार वर्षं काचेच्या कपाटात होती. रोज सकाळी तो तिला हात जोडायचा. बायको म्हणाली होती की पार्थिव घरात ठेवू नये. त्याने ऐकलं नाही.

नदी तेवढी वाहत होती.

“मुरत ठेवलीस?” काकू म्हणाल्या. “लोणचं आहे का हे, हेरंबा?”

आणि बोलता बोलता त्यांचा हात तोंडावर गेला. त्या सरांकडे वळल्या.

“अहो… म्हणजे त्या सोमवारचा माझा उपास सुटलाच नाही.”

हेरंबने चमकून पाहिलं.

“हा रिकामं ताम्हन घेऊन आला. झालं विसर्जन, म्हणाला. मी पान वाढून घेतलं.” त्यांचा आवाज अगदी हळू झाला. “चार वर्षं मी उपासाला जेवतेय.”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

सरांनी पिंड पेटीतून काढली आणि कलत्या उन्हात धरली.

“ये. डोळे उघडून ये. ही कड बघ.”

हेरंब वाकला. वार्निशखाली चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ जशीच्या तशी थांबली होती. धारेने पिंडीची एक बाजू खालून पोखरलेली. तिच्यावरचा भाग ढासळलेला. ढासळलेल्या तोंडावर बारीक बारीक घळी. आणि मूळची कड कुठे होती, त्याची पुसट रेघ… बोटभर पुढे.

हे चित्र त्याने पाहिलं होतं. कोकणातून वर बघताना आयुष्यभर पाहिलं होतं. कुसुमने शेवटच्या प्रकरणात काढलेलंही पाहिलं होतं, आणि त्यावर लाल फुली मारली होती.

रोज सकाळी हे त्याच्यासमोर होतं. रोज सकाळी त्याने हात जोडले होते. डोळे मिटून.

“सर…”

सर पायऱ्या उतरू लागले होते. एका हातात आजची पिंड, एका हातात ती.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर, गढूळ पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून सरांनी आजची पिंड पाण्यात धरली. कृष्णेने ती त्यांच्या ओंजळीतून हळूच काढून घेतली. बेलाचं एक पान वर आलं आणि गेलं.

दुसरी त्यांनी हेरंबच्या हातात दिली.

“विरेपर्यंत सोडायची नाही.”

हेरंब पॅंट न दुमडता पाण्यात उतरला. ओंजळ पाण्याखाली धरली. काकू वरच्या पायरीवर हात जोडून उभ्या.

ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं.

त्याने ओंजळ वर काढली. पिंड तशीच. चकाकत होती. पाण्याचे थेंब अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे तिच्यावरून ओघळून गेले.

पुन्हा बुडवली. पुन्हा काढली.

“विरघळत नाही, सर.”

ते त्याने विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. चाळीस फूट खोल दरीच्या कडेला पाय घसरला तेव्हाही तो असा घाबरला नव्हता. पाणी वाहत होतं, माती हातात होती, आणि दोघांची ओळखच पटत नव्हती.

काकूंनी आकाशाकडे पाहिलं. मावळायला थोडाच वेळ होता.

सर वाकले. पायरीच्या सांध्यातून निखळलेला एक काळा खडबडीत दगड उचलून त्याच्यापुढे धरला.

“घास.”

“पिंड आहे ती… तुमच्या हातची.”

“म्हणूनच.”

पहिला ओरखडा ओढताना हेरंबने मान फिरवली. सरांनी नुसतं “अंहं” म्हटलं. त्याने मान सरळ केली आणि बघत घासू लागला. वार्निश सहजी सुटेना. अंगठ्याचं नख तुटलं. मग एका जागी पापुद्रा उचलला गेला, दुधावरच्या सायीसारखा, आणि खालची माती उघडी पडली. कोरडी. चार वर्षं तहानलेली.

त्याने ती पाण्याखाली धरली.

बुडबुडे आले. आधी एक, मग भराभर. आत कुणीतरी इतका वेळ श्वास धरून बसलं होतं, तसे. हाताला जाणवलं, कड गेली. मग घळी गेल्या. मग सरांच्या अंगठ्याचा तो खोल दाब होता, तो गेला…

ओंजळ रिकामी झाली. बोटांना वार्निशचे पापुद्रे तेवढे चिकटून राहिले.

डोंगराच्या खांद्यावरचं ऊन विझलं. वर काकूंनी जोडलेले हात कपाळाला लावले. सुटला एकदाचा, असं काहीतरी पुटपुटल्या, आणि चौघांची पानं वाढायला म्हणून वळल्या. मग स्वतःशीच थांबल्या. तिघंच होते; चौथी तिकडे जव्हारला.

“तूट गेली, सर,” हेरंब म्हणाला.

“गेली.”

सरांचा आवाज कापला. हेरंबने तो ऐकला आणि मगच त्याच्या लक्षात आलं की आयुष्य आपलं एकट्याचं गेलेलं नाही या पाण्यात.

“मग आता खरं कुसुमचं?”

सर नदीकडे बघत होते.

“आजचं खरं तिचं.”

हेरंब पायरीवर बसला. ओल्या, चिखलाच्या बोटांनी त्याने फोन काढला. नाव शोधायला वेळ लागला. काचेवर माती लागत होती. घंटा वाजत राहिली. पलीकडे कोंबड्यांचा आवाज आला, मग तिचा.

“हां… सर?”

त्याने सांगितलं. उद्याचा शेरा तो मागे घेत होता. शेवटचं प्रकरण आहे तसं राहील. समितीसमोर तिची बाजू तो स्वतः मांडेल. शाळेत रुजू होऊ नकोस. जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं.

पलीकडे नुसत्या कोंबड्या.

मग तिने विचारलं. उद्धटपणे नाही, साधंच.

“गुरवसरांनी सांगितलं म्हणून का, सर?”

फोन कानाला तसाच धरून हेरंबने सरांकडे पाहिलं.

सर रिकामं ताम्हन नदीत विसळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“तिला विचार, उद्याची माती कुठून आणायची.”